राणीचा नवरा, पण राजा नव्हे

पाचपाखाडीतून एका ताईंनी विचारलंय: 'व्हिक्टोरिया' मालिका बघताना घरात वाद पेटला. राजाची बायको राणी, मग राणीचा नवरा राजा का नाही? आणि अल्बर्टला मराठीत म्हणायचं तरी काय?

पाटलीण म्हणजे पाटलाची बायको. मास्तरीण मात्र शिकवणारीही असते आणि मास्तरांची बायकोही. 'राणी'चं तसंच आहे. १६७४ मध्ये सोयराबाई पट्टराणी झाल्या त्या महाराजांच्या पत्नी म्हणून. १८५८च्या 'राणीच्या जाहीरनाम्या'तली राणी स्वतःच गादीवरची. जांभळी नाक्यावर एखाद्या सराफाकडे जुना राणीछाप रुपया दिसला तर निरखून बघा: १८७७ पासूनच्या नाण्यांवर 'क्वीन' जाऊन 'एम्प्रेस' आलंय. मुखवटा एकटीचाच, अल्बर्ट कुठेच नाही.

बायकोचं पद नवऱ्याला लागत नाही. बाई सरपंच झाल्या तरी तो 'सरपंचपती'च, मग सगळा कारभार तोच हाकत का असेना!

शिवाय आपल्याला या शब्दाची गरजच फारशी पडली नाही. ताराबाईंनी सूत्रं हाती घेतली ती १७०० साली राजाराम महाराज गेल्यावर. अहिल्याबाई १७६७ मध्ये कारभार बघू लागल्या तेव्हा खंडेरावांना जाऊन तेरा वर्षं झाली होती. झाशीतही गंगाधररावांच्या मागेच लक्ष्मीबाई.

आता अल्बर्ट. 'राजपुत्र' म्हटलं की तो व्हिक्टोरियाचा मुलगा वाटतो. 'राजपती' राष्ट्रपतींचा धाकटा भाऊ वाटतो. 'राणीचे यजमान' कानाला गोड लागतं, पण तिथेच गोची आहे. १८४०च्या फेब्रुवारीत लग्न झालं आणि मे महिन्यातच अल्बर्टने मित्राला पत्रात कळवलं, की मी नुसता नवरा आहे, घरात सत्ता माझी नाही. आपले यजमान, मालक, धनी हे सगळे शब्द नवरा आणि सत्ताधीश दोन्ही एका दमात सांगतात. त्यांतला कुठलाही वापरा, बिचाऱ्याची तक्रारच पुसली जाते.

म्हणून बोलताना सरळ 'राणीचा नवरा' म्हणा, लिहिताना 'राणीचे पती प्रिन्स अल्बर्ट'. 'प्रिन्स कॉन्सॉर्ट' हा अधिकृत किताब त्याला १८५७ मध्ये मिळाला, लग्नानंतर सतरा वर्षांनी. त्यामुळे मालिकेतल्या सुरुवातीच्या प्रसंगांबद्दल लिहिताना तो वापरू नका.