आधी शंभरच छाप

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तुझी कादंबरी काल रात्री संपवली. स्वाहिलीत लिहिलीस, याचा मला फार आनंद आहे. हजार प्रती काढल्या तर प्रतीमागे खर्च बराच कमी येतो, म्हणून तुझं मन तिकडे झुकलंय. तरी ऐक, आधी शंभरच काढ.

माझ्या पहिल्या पुस्तकाच्या मी हजार काढल्या होत्या, इथेच नैरोबीत. बांधणीचा गोंद कच्चा निघाला. पंधरा दिवसांत पानं सुटू लागली. विकलेल्या प्रती लोकांनी परत आणून दिल्या, तेव्हा मान वर करवेना. उरलेले गठ्ठे एप्रिलच्या पावसात पलंगाखाली दमट झाले. शंभरच असत्या तर नुकसान सोसलं असतं.

कानोच्या बायकांचं मला फार कौतुक वाटतं. उत्तर नायजेरियातल्या या लेखिका 1980च्या दशकापासून हौसा भाषेत प्रेमाच्या, संसाराच्या कादंबऱ्या लिहून स्वतःच छापत आल्या. मोठी कथा छोट्या भागांत काढायची, म्हणजे छपाईला थोडे पैसे पुरतात आणि घेणारीलाही परवडतं. त्यांच्यातल्या बलाराबा रमत याकुबू यांची 1990ची कादंबरी 2012 मध्ये इंग्रजीत आली, तीही आपल्या चेन्नईच्या ब्लाफ्ट प्रकाशनाकडून! पण त्याआधी बावीस वर्षं ती हौसा वाचणाऱ्यांची होती. तुझीही गोष्ट चारशे पानांची आहे. तिचे तीन भाग सहज होतील.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, केनिया नॅशनल लायब्ररी सर्व्हिसकडून मुखपृष्ठ पक्कं होण्याआधीच घे, मागे बारकोडला जागा सोडावी लागते. छपाईच्या दरात 16 टक्के व्हॅट धरलाय का, तेही विचार. पुस्तकांना इथे 2013पासून माफी नाही. किंमत ठरवताना दुकानदाराचं कमिशन आधी धर. मुद्रितशोधनात मात्र काटकसर नको. स्वाहिली शिकवणाऱ्या बाईंना रीतसर पैसे देऊन तपासून घे.

ई-बुक जरूर काढ, पण मूळ फाईल आणि वाचकांचे नंबर स्वतःजवळ ठेव. नायजेरियाचं ओकाडाबुक्स हे ई-बुकचं व्यासपीठ 2013 मध्ये सुरू झालं, कितीतरी नवे लेखक तिथे उभे राहिले, आणि 2023 मध्ये ते बंद झालं.

माझ्या दहा प्रती धर, पैसे आजच मोबाईलवरून एम-पेसा करते. नमुना प्रत आली की शनिवारी घेऊन ये. पाठीपर्यंत उलटी दुमडून बघू, पानं धरतात का.

तुझी,
मावशी