वडिलांची आरएक्स आणि 135 चा ब्लॉक

प्रश्न : वडिलांची 1994 ची यामाहा आरएक्स 100 मी घरीच खोलून बांधली. इंजिनाचा जुना ब्लॉक (ज्यात पिस्टन चालतो तो सिलिंडर) झिजला होता, म्हणून आरएक्स 135 चा बसवला. मोठ्या आवाजाचा चेंबर सायलेन्सर लावला, चेरी लाल रंगाची गाडी काळी केली. पोलिसांनी अडवून चलन दिलं. पुढच्या महिन्यात आरसीची मुदत संपते. वडील गेल्या वर्षी वारले, गाडी अजून त्यांच्याच नावावर आहे. काय करू?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आधी एक सांगा, जुना ब्लॉक भंगारात तर नाही ना घातलात? अजून घरात असेल तर तो सांभाळा, कारण तुमची सुटका त्यातच आहे.

स्वतःची गाडी घरी खोलायला कायद्याची आडकाठी नाही. क्लचप्लेटी, बेअरिंग, कार्ब्युरेटर, खुशाल बदला. तोच ब्लॉक बोअर करून (आतून किंचित मोठा करून) 0.50 मिमी मोठा पिस्टन टाकला असता, तर माझ्या मते ती दुरुस्तीच. पण 135 च्या ब्लॉकने 98 सीसीची गाडी 132 ची झाली, आणि आरसीवर 98 च आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 नेमकं इथे आडवं येतं. कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाशी आरसीचा मेळ बसणार नाही असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये केरळच्या प्रकरणात हेच बजावलं. कलम 182अ(4) खाली अशा प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘इंजिन नंबर तोच आहे, कोण बघतंय’ असं मेकॅनिक म्हणेल. अपघात झाला की विमा कंपनीचा सर्व्हेअर बघतो, आणि क्लेम नाकारायला त्याला एवढं निमित्त पुरतं.

तेव्हा जुना ब्लॉक बोअर करून परत चढवा. चेंबर उतरवा. (त्याचा आवाज मलाही आवडतो, कॉलेजात माझ्याकडेही आरएक्स होती. पण आवाजाचं कलम 190(2) वेगळं आहे आणि त्यात लायसन्सही तीन महिने अडकतं.) काळ्या रंगाची भानगड लहान आहे, आरटीओत अर्ज करून आरसीवर नोंद करून घ्या.

चलन कोणत्या कलमाखाली आहे ते वाचा. चूक मान्य असेल तर भरून टाका. ब्लॉकचा उल्लेख नसेल तर आपण होऊन काढू नका.

खरी घाई नावाची आहे. मालक वारल्यावर वारसाने 30 दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत गाडी नावावर करायची असते. तुमची मुदत टळली, तरी नमुना 31 चा अर्ज, मृत्यूचा दाखला, विमा आणि पीयूसी घेऊन जा. आई आणि भावंडांची ना-हरकत शपथपत्रावर घ्या. नूतनीकरणाचा नमुना 25 मुदतीआधी 60 दिवसांपासून देता येतो, म्हणजे तुमची खिडकी आता उघडीच आहे. उशीर झाला तर दुचाकीला महिन्याला 300 रुपये जादा. तपासणीला गाडी न्याल ती मूळ ब्लॉक आणि मूळ सायलेन्सर लावूनच.