वॉलरसचा सुळा, पॅरिसचं पान आणि वसईचा बाळ येशू

प्रश्न : लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने येशूला क्रुसावरून उतरवतानाचं एक छोटं कोरीव शिल्प २० लाख पौंडांना घेतलं, असं वाचलं. हस्तिदंताला एवढा भाव? (वाचक, पुणे)

आधी एक दुरुस्ती. तो हत्तीचा दात नाही, वॉलरस या उत्तर ध्रुवाकडच्या समुद्री प्राण्याचा सुळा आहे. बाराव्या शतकात उत्तर युरोपात हस्तिदंत मिळणं मुश्किल होतं. ग्रीनलंडमध्ये वसलेले नॉर्स (स्कँडिनेव्हियाकडचे) लोक वॉलरस मारून सुळे युरोपात धाडायचे आणि कारागीर त्यावरच भागवायचे. हे शिल्प ११९० च्या सुमाराचं, यॉर्कमध्ये घडलेलं मानतात. अरिमथाईकर योसेफ येशूचा निष्प्राण देह अंगावर पेलतोय, एवढाच प्रसंग. पण त्या देहाचं वजन बघणाऱ्याला खांद्यावर जाणवतं. पैसे या कामाचे आहेत, आणि दुर्मिळतेचे. सोळाव्या शतकातल्या, मूर्तींना विरोध करणाऱ्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेत इंग्लंडमधल्या चर्चची कला इतकी फोडली-जाळली गेली की या तोडीचं फारच थोडं उरलं.

गंमत म्हणजे हे शिल्प चाळीसेक वर्षं त्याच संग्रहालयात उसनं ठेवलेलं होतं. मालकांनी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला द्यायचं ठरवलं, तेव्हा ब्रिटिश सरकारने निर्यात परवाना रोखून धरला. त्या मुदतीत पैसे उभे करून २०२४ साली संग्रहालयाने ते ठेवून घेतलं.

प्रश्न : माझा मुलगा लंडनला असतो. तिथल्या एका विक्रेत्याकडे ‘पॅरिस, चौदावं शतक’ असं सांगून हस्तिदंताचं एक कोरीव पान विकायला आहे. फोटो पाठवत आहे. खरं असेल का? (वाचक, नाशिक)

फोटोवरून निकाल देणार नाही. पण मुलाने काय बघावं ते सांगतो.

तेराव्या शतकाच्या मध्यापासून पॅरिसमध्ये आफ्रिकेचा हस्तिदंत पुन्हा भरपूर येऊ लागला. मरियेच्या मूर्ती आणि दोन पानांच्या, पुस्तकासारख्या मिटणाऱ्या घडीच्या पाट्या तिथे खूप झाल्या. तुमचं पान अशा जोडीतलं असेल, तर त्याच्या एका कडेला बिजागरीच्या खाचा हव्यात. डावं पान असेल तर उजव्या कडेला, उजवं असेल तर डाव्या. खाच बुजवलेली असली, तुटलेली असली तरी चालेल. खाचच नसेल, किंवा चुकीच्या कडेला असेल, तर विक्रेत्याला कारण विचारा.

मग पान उलटं करा. लोक पुढचे चेहरे बघत बसतात, मी आधी पाठ बघतो. तिथे हत्याराच्या खुणा, जुनी चीर, कुणीतरी शाईने घातलेला क्रमांक, कागदाची चिकटलेली पट्टी असं काही ना काही सापडतं. पुढच्या बाजूला झीज कुठे आहे ते पाहा. हात लागतो तो उंचवट्यांना: नाक, गुडघे, बाळाचं डोकं. खोलगट घड्यांत रंगाचा किंवा सोनेरी मुलाम्याचा कण उरलेला असतो. नकली वस्तूत झीज सगळीकडे सारखी, चहाच्या पाण्यात बुडवून काढल्यासारखी. एकोणिसाव्या शतकात अशा नकला पुष्कळ झाल्या. त्यांतल्या मरियेचा चेहरा जरा जास्तच गोड असतो.

दात हत्तीचाच का, हे तो जिथे आडवा कापलेला असतो त्या कडेवर भिंगाने कळतं. एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघांची जाळी दिसते. त्यांचा कोन ११५ अंशांहून मोठा असेल तर हत्ती, ९० हून लहान असेल तर मॅमथ. वॉलरसचा गाभा साबुदाण्याच्या पापडासारखा दाणेदार दिसतो. हाडात काळे ठिपके आणि बारीक रेषा असतात. कार्बन-१४ चाचणीवर मात्र भिस्त ठेवू नका. हत्ती कधी मेला एवढंच ती सांगते. कोरीव काम गेल्या शतकातलं असू शकतं.

प्रश्न : तापलेली सुई टोचून खरं-खोटं कळतं ना? (वाचक, कोल्हापूर)

डाग पडतो, हे नक्की कळतं. एकदा माझ्याकडे आलेल्या संताच्या मूर्तीच्या तळव्याला असा काळा डाग होता. वस्तू अस्सल होती, डागही आता कायमचा.

प्रश्न : विक्रेते ‘जुन्या युरोपीय संग्रहातून’ एवढंच लिहितात. तेवढं पुरेसं आहे का? (वाचक, ठाणे)

नाही. वस्तू आधी कुणाकडे होती ते कळायला हवं. मेट्रोपॉलिटनकडे वॉलरसच्या सुळ्याचा ५७.५ सेंटिमीटर उंचीचा एक अप्रतिम क्रूस आहे, बाराव्या शतकातला. आंते टोपिच मिमारा नावाच्या संग्राहकाने तो झुरिकच्या बँकेच्या तिजोरीत ठेवला होता. कुठून मिळाला ते तो सांगेना, म्हणून ब्रिटिश म्युझियमने माघार घेतली. १९६३ मध्ये मेट्रोपॉलिटनने तो घेऊन टाकला. क्रूस अस्सल आहे, पण मिमाराच्या आधी तो कुणाकडे होता हा प्रश्न अजून सुटलेला नाही.

उलट बाजूचं उदाहरण स्कॉटलंडमधल्या लुईस बेटावर सापडलेल्या बुद्धिबळाच्या प्रसिद्ध सोंगट्यांपैकी एका सैनिकाचं. १९६४ मध्ये एडिंबरच्या एका व्यापाऱ्याने तो ५ पौंडांना घेतला आणि खरेदीच्या वहीत एक ओळ टाकली. घरच्यांनी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. २०१९ मध्ये लिलावात त्याचे ७,३५,००० पौंड आले. त्या वहीतल्या ओळीचा केवढा आधार मिळाला!

ब्रिटनमध्ये ६ जून २०२२ पासून हस्तिदंताची विक्री जवळजवळ बंद आहे. १९१८ पूर्वीच्या, असाधारण कलामूल्य असलेल्या वस्तूला प्रमाणपत्र मिळवूनच ती विकता येते. नाशिककरांनीही ते आधी मागावं, आणि वस्तू भारतात आणण्याचा विचार सोडून द्यावा.

प्रश्न : आमच्या घरी आजीच्या आजीपासून हस्तिदंताचा बाळ येशू आहे. एक गृहस्थ ‘मध्ययुगीन’ म्हणून मोठी रक्कम देतायत. विकू का? (वाचक, वसई)

मध्ययुगीन नसावा. पोर्तुगीज आल्यावर, सोळाव्या-सतराव्या शतकापासून, गोव्यातले कारागीर चर्चसाठी हस्तिदंत कोरू लागले. डोंगरावर मेंढरं घेऊन बसलेला, डोळे मिटलेला बाळ येशू ही तर त्यांची खासियत, बसण्यात थोडी बुद्धमूर्तीची छटा असलेली. जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठातल्या ख्रिस्ती कला संग्रहालयात जाऊन तुमची मूर्ती ताडून पाहा.

विकता मात्र येणार नाही. वन्यजीव कायद्याने भारतात हस्तिदंताची खरेदी-विक्री बंद आहे, आणि १०० वर्षांहून जुनी कलावस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. वारशाने ठेवता येते. पण वारसा आल्यापासून ९० दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे तसं कळवावं लागतं. आईकडून तुमच्याकडे आली तेव्हा ते झालं नसेल, तर आधी वकील गाठा. त्या गृहस्थांना फोटो देऊ नका. आणि मूर्ती पुसायला तेल-पाणी लावू नका, कोरडा मऊ ब्रश पुरे.