त्वचेतली एन्झाइम्स फ्री रॅडिकल्सपासून पेशींना कशी वाचवतात? एसओडीचं क्रीम लावून फायदा होतो का?

क्रीमचं आधी सांगतो: पैसे वाया. एसओडी म्हणजे सुपरऑक्साइड डिस्म्युटेज, त्वचेतलंच एक एन्झाइम. त्याचा रेणू सुमारे ३२,००० डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप), आणि धडधाकट कातडीतून ५००च्या वरचं सहसा आत शिरत नाही.

लहानपणी बडोद्याच्या दांडिया बाजारात सायकलवरून पडलो की कंपाउंडर गुडघ्यावर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतायचा. चर्रकन पांढरा फेस. तुमचं अर्धं उत्तर त्या फेसात आहे. फ्री रॅडिकल्स म्हणजे पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू. ऊन लागलं की पेशीत त्यातलंच एक, सुपरऑक्साइड, तयार होतं, एसओडी त्याचं पेरॉक्साइड करतं. तेही काही सज्जन नव्हे, म्हणून कॅटलेज नावाचं दुसरं एन्झाइम ते फोडून पाणी आणि ऑक्सिजन करतं. बुडबुडे त्या ऑक्सिजनचे. ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजही पेरॉक्साइडच निपटतं, त्याला सेलेनियम लागतं.

हे मला पाठ असण्याचं कारण वेगळं. चौदाव्या वर्षी मनगटावर कोडाचा डाग उठला. आत्याने बघताक्षणी निदान केलं, "दुधावर मासे खाल्ले असणार." आमच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं! मग तिने आंबट बंद केलं. दही, लिंबू, चिंच, सगळंच. आई आमसूल टाकण्याआधी माझी आमटी वेगळ्या वाटीत काढून ठेवायची. सात वर्षं. कारण ताईंपुढे बोलायची बाबांचीही टाप नव्हती.

पुढे एम. एस. युनिव्हर्सिटीत बायोकेमिस्ट्री शिकताना १९९१चा एक शोधनिबंध हाती लागला. कोड असलेल्यांच्या बाह्यत्वचेत कॅटलेज कमी सापडलं होतं, डाग नसलेल्या जागीसुद्धा. मेलॅनिन बनताना पेरॉक्साइड होतंच, उपसणारं कमी पडलं की ते साचतं. झेरॉक्स काढून तडक आत्याकडे गेलो. तिने चष्मा लावला, पानं उलटली आणि विचारलं, "यात दह्याचं कुठे लिहिलंय?"

आता कॅटलेज हे एकमेव कारण नाही, हेही सांगायला हवं. कोडात शरीराची प्रतिकारशक्तीच रंगपेशींवर उलटते, अनुवंशिकतेचाही भाग असतो. डाग दिसला तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, माझ्या उत्तरावर विसंबू नका. आणि कडक उन्हाने कॅटलेज मंदावतं, तेव्हा क्रीमच्या पैशात छत्री घ्या.

लिंबू मात्र खा. फ्री रॅडिकल्स शमवण्यात क जीवनसत्त्वाचा हात असतो, आणि माझं नेमकं तेच बंद केलं होतं. कुणाची आत्या आडवी आलीच, तर माझ्याकडे पाठवा. झेरॉक्स अजून आहे.