कोकणातल्या आमच्या गावात रानफुलं आणि चित्रांचा शनिवार-रविवार करायचाय. कधी आणि कसा करावा?

तुम्ही लिहिलंय की गाव रत्नागिरीजवळ, समुद्राला लागून आहे आणि सगळा कार्यक्रम पुळणीवर, म्हणजे किनाऱ्यावरच्या वाळूत, घ्यायचा विचार आहे. माझं ऐका, पुळण संध्याकाळसाठी ठेवा. मर्यादवेलीची जांभळी फुलं तिथे आहेतच. सकाळी मात्र सगळ्यांना सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळी पठारावर न्या. आमच्या वाडीत आम्ही चार पावसाळे हे करतोय. खरं फुलांचं राज्य तिथे वरच आहे.

गणपतीच्या आधीचा शनिवार-रविवार धरा. कातळावरच्या बोटभर मातीत तेव्हा सीतेची आसवं, पानगेंद, कवला, तेरडा असं सगळं फुललेलं असतं. पांढरी दीपकाडी तेव्हा मिळणार नाही, ती पहिल्या पावसाबरोबर येऊन जाते. जिच्या शास्त्रीय नावातच कोकण आहे, तिच्यासाठी जूनमधली एक सकाळ वेगळी काढाच.

सीतेच्या आसवांचं फूल करंगळीच्या नखाएवढं. ते उभ्याने दिसत नाही. गोणपाट अंथरून पोटावर पडायचं आणि भिंग लावायचं. खाली ओल्या मातीत टाचणीच्या डोक्याहूनही बारीक पिशव्या असतात, पाण्यातले सूक्ष्म जीव त्यांत ओढले जातात. कातळावरच्या मातीत नत्र फारसं नसतं, ते हे झाड असं मिळवतं. एवढं सांगितलं की मुलं जागची हलत नाहीत. गेल्या वर्षी आठ वर्षांच्या एका मुलीने तासभर एकच फूल काढलं, तळहाताएवढं मोठं, आणि मधल्या पांढऱ्या डागाच्या जागी कागद कोराच ठेवला. तिला कुणीही तसं शिकवलं नव्हतं.

वर पेन्सिल आणि परीक्षेचं पॅड पुरे. हवेनेच कागद नरम पडतो, त्यामुळे जलरंग दुपारी शाळेच्या पडवीत काढा.

फुलं तोडून रांगोळी घालायची कल्पना कुणीतरी मांडेलच. कृपा करून नको. सड्यावरची बरीचशी झाडं एका पावसाळ्याची असतात. फूल खुडलं की बी गेलं.

त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी गावातल्या आज्यांना बोलवा. गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटवीत काय काय लागतं, कवंडळ, शेरवाड, कळलावी, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नाही. शेरवाडीच्या फुलाजवळचं ते एकच पांढरं पान मुलांना काढायला द्या. कळलावीच्या एकाच वेलावर पिवळ्यापासून लालपर्यंतची फुलं दिसतात, रंगांसाठी याहून चांगला धडा नाही. पण ती विषारी आहे, विशेषतः कंद. मुलांना हात लावू देऊ नका.

जवळपास कातळशिल्पं असतील तर तिथेही जा. उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे ही ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आहेत. कशेळीच्या भल्यामोठ्या हत्तीच्या आत कितीतरी प्राणी कोरलेत. ज्या दगडावर आपण फुलं काढतो, त्याच दगडावर आपल्याआधी कुणीतरी बसून चित्रं काढली, हे मुलांना तिथे कळू दे. रेषांवर पाय नको आणि त्यांत खडू भरणं तर मुळीच नको.

सडा बहुधा खासगी असतो, तेव्हा आधी मालकाला विचारा आणि त्यांनाही बोलवा. ज्यांच्या कातळावर आम्ही जातो ते काका ती जागा चिरेखाणीला द्यायच्या विचारात होते. पानगेंदाची पांढरी बोंडं त्यांनी जन्मभर पाहिलेली, पण भिंगातून पहिल्यांदाच पाहिली. थोड्या वेळाने घरी जाऊन ते बायकोला घेऊन आले, आणि एक चटई.