मनःस्वास्थ्यावर लिहू पाहणाऱ्या नव्या पत्रकाराला

'आनंदी राहण्याचे सात उपाय' छापाचा मजकूर लिहू नकोस, संपादकांनी मागितला तरी. त्यापेक्षा अनिल अवचटांचं काम बघ. शिक्षणानं डॉक्टर, पण रमले पत्रकारितेत. गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, व्यसनात सापडलेल्या पोरांवर त्यांनी लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले आणि 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. ते प्रत्यक्ष उभं केलं त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा अवचट यांनी. (हे आपण लिहिणारे लोक हमखास विसरतो.)

आपण कुणाला तरी हवे आहोत ही भावना अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी 1981 मध्ये अभ्यासाचा विषय केली. ते जरूर वाच, पण मुलाखतीत सिद्धांत नको. 'शेवटची विचारपूस कुणी केली?' एवढंच विचार आणि गप्प बस. समोरचा रडला तर फोटो नाही काढायचा.

नावं बदल, गावही. आत्महत्येची पद्धत कधीच लिहू नकोस. लेखाखाली टेलि-मानस या सरकारी मनःस्वास्थ्य हेल्पलाइनचा 14416 क्रमांक दे. अंक त्या माणसाला स्वतः नेऊन दे, चहा घेऊन ये. मानधन उशिरा येतं, तगादा लावायला लाजू नकोस.