गुलमर्गच्या अफरवट डोंगरावर स्की क्षेत्राच्या हद्दीबाहेर स्की टूरिंगला (स्की लावूनच डोंगर चढून उतरायला) चौघे मित्र जाणार आहोत. दोन बीकन (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधण्यासाठी अंगावर बांधायचा छोटा रेडिओ) पुरतील का?

नाही, चौघांकडे चार हवेत. बीकन 457 किलोहर्ट्झवर संदेश पाठवतो आणि शोधताना तोच पकडतो. ज्याच्याकडे तो नाही, तो गाडला गेला तर इतरांच्या बीकनला सापडणारच नाही. हिमस्खलनात पहिल्या 10-15 मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण वाचतात, पुढे आशा झपाट्याने मावळते. म्हणजे बाहेरची मदत येईपर्यंत थांबणं परवडत नाही, मित्रांनीच खणायचं. त्यासाठी प्रत्येकाच्या पाठीवर फावडं आणि प्रोबही (बर्फात खुपसून गाडलेल्याला शोधायची लांब काठी) हवा. शोधताना मोबाइल बीकनपासून किमान 50 सेंटीमीटर लांब (मी तर बंदच करायला सांगेन). मात्र बीकन हिमस्खलन थांबवत नाही; ताजा बर्फ पडल्यावर 30 ते 45 अंशांचे उतार टाळाच.